उंबरठ्यावरचं ‘या’

सीन आठवर वाचन थांबलं. दारात उभा असलेला नायक विचारतो, ‘‘मी आत येऊ शकतो का?’’ आणि घरातली आजी उत्तर देते, ‘‘हो, तुम्ही आत येऊ शकता.’’ भाषेसाठी मुद्दाम बोलावलेले काका तोवर डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘असं कोणी विचारत नाही, बाळ. दारात आलेला माणूस चपला काढतो. तेवढंच.’’

जागा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याची माडी. सहा खंडांची एक इंग्रजी व्हॅम्पायर कादंबरीमाला आम्ही मालिकेसाठी मराठीत आणतो आहोत. करारामुळे तिचं नाव इथे देता येत नाही. मूळ कथा 1890च्या दशकात युरोपातल्या एका शहरात सुरू होते. आम्ही ती त्याच दशकातल्या बडोद्यात आणली. लक्ष्मी विलास राजवाडा आणि कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था, दोन्ही 1890चे. सयाजीरावांच्या त्या बडोद्यात बाहेरगावचे शिक्षक, अभियंते, कलावंत येत होते, त्यामुळे अनोळखी पण सुशिक्षित माणूस एखाद्या वाड्याच्या दारात उभा राहणं अगदी सहज होतं. कथेचा दुसरा पदर आजच्या काळात, त्याच वाड्यात.

त्या दिवशी हातात पहिल्या भागाचा ड्राफ्ट होता. 46 पानं, 44 सीन. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशोब. घड्याळ लावून वाचलं तर 59 मिनिटं झाली. तेरा मिनिटं जास्त कुठून आली ते शोधायला आम्ही मागे गेलो. एकट्या सीन आठनं साडेचार मिनिटं घेतली होती.

व्हॅम्पायरच्या गोष्टीत आमंत्रण म्हणजे घराची मुख्य तुळई. रक्तावर जगणारा हा व्हॅम्पायर, म्हणजे आमचा नायकच, घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय आत येऊ शकत नाही. इंग्रजी कादंबरीत हे आमंत्रण स्पष्ट शब्दांत मागितलं जातं आणि स्पष्ट शब्दांत दिलं जातं. तो शब्दांचा व्यवहार आम्ही निष्ठेनं मराठीत आणला होता आणि तिथेच घसरलो होतो. काकांनी प्रात्यक्षिकच दाखवलं. बाहेर जिन्यावर गेले, चपला काढल्या, हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘आहे का कोणी?’’ आतल्या खोलीत चहा टाकत असलेल्या आमच्या संवादलेखिका ताई मान वर न करता म्हणाल्या, ‘‘या, या. बसा.’’

सगळे गप्प झाले. कोणी परवानगी मागितली नव्हती. कोण आलंय हे पाहिलंही नव्हतं. तरी आमंत्रण दिलं गेलं होतं, तेही दोनदा. सीन आठ तिथेच पाऊण पानाचा झाला. आजी कोथिंबीर निवडते आहे, दाराकडे तिची पाठ आहे, बाहेर चपला काढल्याचा आवाज येतो आणि ती ‘या’ म्हणते. चेहरे, प्रश्न, उत्तर, काही नाही. मूळ पानापेक्षा हे जास्त भीतिदायक आहे, असं माझं मत त्या क्षणीच झालं आणि अजून तेच आहे.

पण एक धागा ओढला की बाकीचं विणकाम हलतं. अशा कामात कथानकाच्या आधी नियमवही करावी लागते. प्रत्येक नियमासमोर खंड, पान, मूळ वाक्य, अपवाद, आपण काय धरलं आणि तो कुठल्या भागात वापरला, एवढे रकाने. हे का, तर लेखक सहा खंड अनेक वर्षांत लिहितो आणि त्याचे नियम हळूहळू सरकतात. वाचकालाही मध्ये वर्ष-दोन वर्षं मिळतात, तो विसरतो. मालिका पाहणारा तेच सगळं एका आठवड्यात पाहतो आणि दुसऱ्या भागातली चूक सहाव्यात पकडतो. आमच्या खंड 2मध्ये एकदा दिलेलं आमंत्रण कायमचं आहे, आणि खंड 5चा सगळा शेवट ते परत घेता येतं यावर उभा आहे.

यात प्रत्येकानं वेगळी वाट धरलेली आहे. 1897च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत पहिल्यांदा घरातल्या कोणी तरी बोलवावं लागतं, मग तो हवा तेव्हा येतो. ‘ट्रू ब्लड’ या मालिकेत आमंत्रण मागे घेतलं की व्हॅम्पायर पाठमोरा ओढला जाऊन बाहेर पडतो. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ या मालिकेत ते मागे घेता येत नाही, म्हणून तिथे घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न निर्णायक ठरतो. कादंबरीकार ॲन राईस यांच्या व्हॅम्पायरांना आमंत्रण लागतच नाही आणि आरशातही ते दिसतात. यातलं काहीही चालतं. मात्र एकदा निवडलं की मोडायचं नाही.

आम्हाला परत घेता येणारं आमंत्रण हवं होतं. प्रश्न पडला, मराठीत ते परत घ्यायचं कोणत्या शब्दानं? ड्राफ्टमध्ये होतं, ‘मी माझं आमंत्रण मागे घेते.’ हे वाक्य वाचताना अभिनेत्रीलाच अवघडल्यासारखं झालं. ‘चालते व्हा’ हा राग झाला, नियम नव्हे. काका खूप वेळ बोलले नाहीत. मग उठले आणि म्हणाले, ‘‘बरं, येतो मी.’’ ताई सवयीनं म्हणाल्या, ‘‘हो, या.’’

काका तिथेच थांबले. ‘‘बघा आता. मी निघालोय, आणि तुम्ही मला पुन्हा बोलावलंत.’’

आपण कोणी घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो, आणि घरचा माणूस ‘या’ म्हणतो. स्वागताचा शब्द आणि निरोपाचा शब्द एकच. म्हणजे या गोष्टीत दर रात्री निरोप देताना आजी त्याचं आमंत्रण नवं करते आहे, तिला पत्ताही नाही. शेजारच्या गुजराती घरातही तेच. स्वागताला ‘आवो’, निरोपाला ‘आवजो’. बडोद्यात गोष्ट आणली ती काळासाठी. पण दोन्ही भाषांत निरोपच आमंत्रण असलेलं गाव आपल्या हातात आहे, हे आम्हाला त्या दुपारी कळलं. नियमवहीत नोंद झाली: आमंत्रण एका भेटीपुरतं. निरोपाच्या ‘या’नं ते पुढच्या भेटीसाठी चालू राहतं. ‘येतो’ला उत्तर आलं नाही तर संपतं. तो आत असताना ‘जा’ म्हटलं तर त्याच क्षणी संपतं. घरातून निघणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं, म्हणून ते म्हणताना आजीच्या नातीचा आवाज फुटेल. हे अभिनेत्रीला समजावून सांगावं लागत नाही.

मग ‘या’च्या अनेकवचनाचा मुद्दा निघाला. नायक दिसायला पंचविशीचा. सत्तरीची आजी त्याला ‘ये रे’ म्हणेल. पाहुणा म्हणून मान द्यायचा तर ‘या’ म्हणेल. ‘ये’ एकालाच लागू. ‘या’ आदरार्थी आहे, पण व्याकरणानं अनेकवचनीच. मग त्याच्यामागे अंधारात आणखी कोणी उभा असेल तर? दिग्दर्शकानं लगेच तिसऱ्या भागाचं कार्ड भिंतीवरून काढलं. मूळ कादंबरीत दुसरा व्हॅम्पायर घरात शिरतो तो एका नोकराला फसवून, त्याला सहा पानं लागतात. आमच्याकडे तो एका ‘या’वर आत येईल. कादंबरीचे वाचक घटना बदलली म्हणून रागावतील का, यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं असं की वाचकाचा जीव नियमांवर आणि नायकाच्या आवाजावर जडलेला असतो. तो नोकर फारसा कोणाला आठवत नाही.

‘घरातला माणूस’ कोण, हेही ठरवावं लागलं. वाड्यात मालक खाली, भाडेकरू वर, मधला चौक सगळ्यांचा. कागदावरची मालकी धरली तर गोष्ट कोर्टात जाते. आम्ही धरलं: ज्याची चूल त्या खोल्यांत पेटते, त्याचंच ‘या’ तिथे चालेल. चौकात तो कोणालाही न विचारता येऊ शकतो.

वाहत्या पाण्याचा नियम मात्र फुकटात मिळाला. मूळ मालेत त्याला स्वतःहून वाहतं पाणी ओलांडता येत नाही, कोणी तरी न्यावं लागतं. बडोद्यात स्टेशन विश्वामित्री नदीच्या पश्चिमेला आणि जुनं शहर पूर्वेला. आगगाडीनं उतरलेला नायक नदीशी अडणारच, त्याला टांगेवाला लागणारच. एक आख्खं पात्र भूगोलानं दिलं. नदीकाठचे रात्रीचे सीन मात्र सगळे काढले. विश्वामित्रीत मगरी आहेत, अंधारात युनिटला काठावर उतरवायचं नाही.

दुपारी दातांची चाचणी झाली. अल्जिनेटमध्ये, म्हणजे दंतवैद्य ठशासाठी वापरतात त्या लगद्यात, वरच्या दातांचा ठसा घ्यायचा, त्यात दंतप्लास्टर ओतून साचा काढायचा आणि सुळ्यांवर बसतील अशा ॲक्रिलिकच्या टोप्या करायच्या. आमच्या टोप्या मूळ दाताच्या 4 मिलिमीटर खाली येतात. पहिली अडचण लाळेची. दात ओला असताना टोपी बसवली तर तिसऱ्या वाक्याला हलते, म्हणून आधी कापसानं कोरडा करायचा. दुसरी अडचण उच्चारांची, आणि ती मराठीत जास्त जाणवते. आपले ‘च’ आणि ‘ज’ दोन प्रकारचे. ‘चहा’तला च टाळूवरचा, तो निभावतो. ‘चांदणं’, ‘जवळ’ यांतले दाताशी होतात, तिथे हवा टोपीच्या कडेनं शीळ घालत निघते. ड्राफ्टमधलं वाक्य होतं, ‘जवळ या, चांदणं सरतंय.’ चार शब्दांत तीन शिट्ट्या. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना खालचा ओठ सुळ्यांकडे जातो, तिथे टोक टोचण्याची भीती. तेव्हा ठरलं की सुळे दिसल्यानंतरची वाक्यं चार शब्दांच्या आत ठेवायची, आणि त्यांत म, न, ग, र, ल यांचीच वस्ती हवी. ताईंनी तिथल्या तिथे वाक्य बदललं: ‘माग ना, माग.’ दात लावून तीनदा म्हणून घेतलं, तीनही वेळा स्वच्छ आलं.

रात्रीच्या सीनचा हिशोब थोडक्यात सांगतो. 44पैकी 31 सीन रात्रीचे होते. मे महिन्यात इथे सूर्यास्त सातच्या पुढे आणि उजाडतं सहाच्या आधी. लाइट लावण्यात आणि जेवणात गेलेला वेळ सोडला तर रात्रीला तीन-साडेतीन पानं होतात. डिसेंबरात अंधार तेरा तासांचा मिळतो. शूटिंग डिसेंबरात ढकललं आणि घरातले बारा सीन दिवसा, खिडक्या काळ्या कापडानं बंद करून घ्यायचं ठरलं. मूळ मालेतली नऊ वर्षांची व्हॅम्पायर मुलगी आम्ही सोळाची केली आणि तिच्यासाठी सज्ञान अभिनेत्री घेणार आहोत. 14 वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती लागते. शिवाय व्हॅम्पायरचं वय थांबतं, मुलांचं थांबत नाही. दुसरा सीझन येईपर्यंत ती वीतभर उंच झालेली असते.

संध्याकाळी उरलेली मिनिटं शोधताना खरं दुखणं हाती आलं. सहाही खंडांत नायक ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतो. लोकांनी प्रेम केलं ते त्या आवाजावर. तो जपायला आम्ही 17 सीनमध्ये व्हॉइसओव्हर, म्हणजे दृश्यावर त्याचं निवेदन, टाकला होता, आणि जे डोळ्यांना दिसतंय तेच कानांना पुन्हा सांगितलं जात होतं. ॲन राईस यांच्या 1976च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ कादंबरीवरून 2022मध्ये मालिका आली, तेव्हा त्यांनी मुलाखत घेणारा पत्रकार ठेवला, पण मुलाखत दुसऱ्यांदा होते आहे असं केलं. पहिली 1973ची, ही दुबईत, जवळजवळ पन्नास वर्षांनी. त्यामुळे कादंबरीपासून जे जे वेगळं आहे ते व्हॅम्पायरच्या आठवणींच्या हिशोबात जमा होतं, आणि ‘मी’ला उलटून विचारणारं माणूस समोर असतं. आवाज टिकवायचा तर ऐकणारा हवा.

आमचा ऐकणारा कुठे बसवायचा, याचं उत्तर सकाळपासून समोर होतं. तो बाहेर पायरीवर, आजीची नात आत, मधे उंबरठा. आजी आता नाही, चूल नातीची. आठही भाग तो तिथेच बसून तिला गोष्ट सांगणार आणि ती त्याला आत बोलावणार नाही. रात्र सरली की तो ‘येतो’ म्हणणार. सतराचे सतरा व्हॉइसओव्हर काढले. साडेनऊला पुन्हा घड्याळ लावून वाचलं, 47 मिनिटं भरली.

सीन 41 त्या रात्री शेवटी लिहिला. तो उठतो, चपला पायांत सरकवतो, म्हणतो, ‘‘येतो.’’ तिचे ओठ हलतात, सवय आहे. ताईंनी त्याखाली तिचं नाव लिहिलं आणि संवादाची ओळ कोरी सोडली.