मेलबर्नच्या खोक्यात स्टॉकहोमचे घोडे

सकाळी आमच्या जुन्या फोटोंच्या संग्रहाच्या तपासणीचा अहवाल उघडला, तर एका खोक्यातले जवळजवळ सगळेच फोटो लाल, म्हणजे नापास. रात्री नव्या खेपेवर शॅकलचे नियम चालवले होते. लिंक्ड डेटातली, म्हणजे दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या नोंदींतली, नोंद ठरलेल्या साच्यात बसते का, हे तपासणारी ही नियमांची भाषा. एका खेपेत पाच-दहा चुका निघतातच: कुठे सालातले आकडे उलटे, कुठे खेळाडूच्या जागी संघाचा यूआरआय, म्हणजे नोंदीचा जालावरचा ओळख-पत्ता. इथे मात्र ६४पैकी ६२ फोटोंवर एकच शेरा होता: तारीख स्पर्धेच्या कालावधीबाहेर.

खोक्यावर चिठ्ठी 'ऑलिंपिक १९५६' अशी. कार्डांवर टंकलिखित तारखा १० ते १७ जून. आमच्या डेटात १९५६च्या उन्हाळी ऑलिंपिकचं ठिकाण मेलबर्न आणि कालावधी २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर. टंकलेखकाने महिना चुकवला असं समजून पूर्ण स्तंभ बदलायचा मोह झाला. ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या साधनात त्याला एका ओळीचं सूत्र पुरतं, म्हणून तर भीती वाटते. आधी पाच फोटो पाकिटातून काढून पाहिले. पाचही फोटोंत घोडा, आणि एकाच्या पाठीवर स्टॉकहोमचा शिक्का.

कार्डं बरोबर होती, नियम चुकला होता. बाहेरून येणाऱ्या घोड्यांसाठी ऑस्ट्रेलियाचे क्वारंटाइनचे नियम इतके कडक होते की त्या वर्षीच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा जूनमध्येच स्टॉकहोमला उरकल्या. ऑलिंपिक एक, शहरं दोन, मध्ये पाच महिने. हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, पण डेटाला कुणी सांगितलं नव्हतं.

खरी खोट रचनेत होती. फोटो थेट 'ऑलिंपिक १९५६' या नोडला, म्हणजे दुव्यांच्या जाळ्यातल्या गाठीला, जोडलेला, आणि तारीख-ठिकाणही त्याच नोडवर. भरायला सोपं, म्हणून सुरुवातीला सगळे असंच करतात. आम्ही मध्ये दोन पायऱ्या घातल्या. ऑलिंपिकच्या खाली 'घोडेस्वारी, १९५६' हा नोड, त्याला स्वतःचं ठिकाण, आरंभ आणि समाप्ती. त्याच्या खाली सहा प्रकार: ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), इव्हेंटिंग (अनेक कसोट्यांची मिळून एक स्पर्धा) आणि जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), प्रत्येकी वैयक्तिक व सांघिक. वर जाणारा दुवा 'भाग आहे' हा, म्हणजे विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातला पी३६१ हा गुणधर्म. फोटो जोडायचा तो सर्वांत खालच्या नोडला. प्रकार ओळखू येत नसेल तर मधल्या नोडवर थांबायचं, अंदाजाने खाली उतरायचं नाही.

यात एक खाच आहे. 'भाग आहे' या दुव्याने वर चढत जाणं ठीक, पण ठिकाण वरून खाली वारशाने उतरू द्यायचं नाही. आमच्या जुन्या क्वेरीत, म्हणजे डेटाला विचारायच्या प्रश्नात, ते उतरत होतं, म्हणून मधला नोड घातल्यावरही नकाशावर घोडे मेलबर्नलाच दिसले. क्वेरी बदलली: फोटोपासून वर चढत जा, जिथे पहिलं ठिकाण सापडेल तिथे थांब. शॅकलचा नियमही तसाच वळवला, आणि त्याची तीव्रता 'उल्लंघन'वरून 'इशारा' केली. ऐतिहासिक संग्रहात तारखेच्या नियमाला नोंद अडवायचा अधिकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लाल गेलं, तर दुसऱ्या नियमाने डोकं वर काढलं. ज्या देशाने ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला त्याचा खेळाडू तिथे दिसला तर चूक, असा तो नियम. हंगेरीतल्या सोव्हिएत कारवाईच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड मेलबर्नला गेले नाहीत. पण ती कारवाई ऑक्टोबर-नोव्हेंबरची. जूनमध्ये तिघांचेही स्वार स्टॉकहोमला उतरले होते. स्वित्झर्लंडने तर सांघिक ड्रेसाजचं कांस्यपदकही घेतलं. बहिष्काराची नोंदही आता वरच्या नोडवर न ठेवता मेलबर्नच्या भागावर ठेवली आहे.

जर्मनीचं दुखणं ओळखीचं होतं. कार्डावर नुसतं 'जर्मनी'. कार्डावरचं नाव यूआरआयला जोडणाऱ्या आपोआप जुळणीने त्यातल्या बऱ्याच नोंदी पश्चिम जर्मनीला चिकटवल्या. १९५६, १९६० आणि १९६४ला दोन्ही जर्मनींचा मिळून एकच संघ होता, आणि त्याचा दुवा वेगळा. कार्डावरचा शब्द जसाच्या तसा एका स्तंभात राहू दिला, जुळवलेला यूआरआय शेजारच्या स्तंभात. मूळ मजकुरावर जुळणी चालवून तोच पुसून टाकणं हा या कामातला सर्वांत महागडा आळस.

जंपिंगच्या फोटोंनी आणखी एक उणीव दाखवली. वैयक्तिक सुवर्ण हान्स ग्युंटर विंकलरचं, पण पहिल्या फेरीत त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला आणि दुसऱ्या फेरीत त्याला निभावून नेलं ते हाला या घोडीने. आमच्याकडे हाला म्हणजे वर्णनातला एक शब्द. शोधात ती कधीच आली नसती. आता घोड्याला स्वतःचा यूआरआय, आणि निकाल जोडलेला स्वार-घोडा या जोडीला; कारण तोच घोडा दुसऱ्या स्वाराखाली दुसऱ्या स्पर्धेत भेटतोच.

संध्याकाळी पुन्हा तपासणी चालवली. ६४पैकी दोन फोटो पिवळे, म्हणजे इशाऱ्यावर, राहिले. त्यांच्या कार्डांवर ओळ फक्त 'ऑलिंपिक स्टेडियम, स्टॉकहोम', तारीख नाही. भिंगाखाली पाहिलं तर घोडा कुठेच नव्हता. वळणावर धावणारी माणसं होती. हेच स्टेडियम १९१२च्या ऑलिंपिकचं. कपड्यांवरून १९१२ वाटत होतं, पण मैदानावर पुढेही शर्यती होत राहिल्याच. स्टेडियमचा दुवा भरला, स्पर्धेचा रकाना रिकामा ठेवला, आणि खोका क्रमांक तसाच नोंदवला. दोन्ही फोटो पिवळेच आहेत.