१६ बाइटांत कोपरखैरणे

महापेतल्या आमच्या ऑफिसात सी भाषेतला एक जुना प्रोग्राम माझ्याकडे आला. डिस्प्ले बोर्डावर ठाणे-वाशी लाइनच्या स्टेशनांची नावं दाखवायची, एवढंच त्याचं काम. इंग्रजीत बिनबोभाट चालायचा. आता नावं मराठीत हवी होती. मी पायथॉनवाला. तिथे स्ट्रिंगला (म्हणजे अक्षरांच्या माळेला) स्ट्रिंग जोडली की झालं, जागेची चिंता कोण करतो?

इथे नावासाठी १६ बाइटांचा ॲरे, म्हणजे ठरावीक मापाचा कप्पा होता. रोमन लिपीत कोपरखैरणे स्पेस धरून १४ बाइट, स्ट्रिंग संपली असं सांगणारा शेवटचा शून्य बाइट धरून १५. मावतं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजायच्या. ठाणे १२. ऐरोली, रबाळे १५, म्हणजे शून्यासकट काठोकाठ. पुढे गाडी अडली. प्रोग्राम १५ बाइटांवर कात्री लावायचा, त्यामुळे बोर्डावर ‘घणसोल’ आणि ‘कोपरख’! दिघा गावची तऱ्हाच वेगळी: मधली स्पेस १ बाइटची, म्हणून कात्री थेट ‘ग’च्या पोटात आणि त्याच्या जागी चौकोन.

ॲरे ६४चा करून टाक, असं एकाने सुचवलं. मला पटलं नाही. उद्या ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ आलं तर? ते ८१ बाइट.

सीनियर मॅडम म्हणाल्या, “आधी मोज, मग जागा माग.” एसएनप्रिंटएफ हे मजकूर लिहिणारं फंक्शन. त्याला बफरऐवजी (लिहायच्या जागेऐवजी) नल, म्हणजे रिकामा पत्ता, आणि लांबी ० दिली की ते काही लिहीत नाही, किती बाइट लागतील तेवढं सांगतं. त्यात शून्यासाठी १ मिळवून मॅलॉकने तेवढी जागा मागायची. नाव वाढवायचं तर रिअ‍ॅलॉक. ते मागितलेली जागा वाढवतं, पण हलवूही शकतं, म्हणून उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घ्यायचं, नल नाही ना, म्हणजे जागा मिळाली ना, बघायचं, मगच जुना बदलायचा.

खरा वेळ खाल्ला तो दुसऱ्याच ठिकाणी. ओळीच्या शेवटचं न्यूलाइन (नव्या ओळीचं चिन्ह) पुसून तिथे शून्य लिहिणारं फंक्शन होतं. नाव रिकामं असलं की त्याला कोडमध्येच लिहिलेलं ‘माहिती नाही’ मिळायचं. त्यात न्यूलाइन नव्हतं, म्हणजे शून्यावर शून्यच लिहिलं जात होतं, तरी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. कोडमधली अशी स्ट्रिंग लिनक्सवर सहसा फक्त वाचायच्या मेमरीत असते. तिला हात लावायचा तर आधी स्ट्रडपने प्रत काढावी लागते.

मागितलेली जागा फ्री कोणी करायची, म्हणजे परत कोणी द्यायची, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मॅडम म्हणतात, ज्याने जागा मागितली त्याने. मला वाटतं, ज्याच्या हातात स्ट्रिंग शेवटी राहते त्याने. तूर्त प्रत्येक फंक्शनवर तशी कॉमेंट टाकली आहे.