तुम्ही विचारलंत म्हणून: क्लब बदलला की स्ट्रायकरचे गोल कुठं जातात?

दर ट्रान्सफर विंडोनंतर (क्लबांनी खेळाडू घ्यायचा-विकायचा ठरलेला काळ) दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न माझ्याकडं येतोच. कधी ऑफिसात डबा खाताना, कधी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा फोडताना, आणि घरात भाच्याकडून तर बारा महिने. भाचा विचारतो ते असं, "मामा, तिकडं असताना दणादण मारत हुता, आणि एवढं पैसं मोजून आणल्यावर पायाला मेंदी लावल्यागत का करालाय?" मलाच का विचारतात तर त्याला कारण आहे. मी कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीकडून बरीच वर्षं सेंटर फॉरवर्ड, म्हणजे स्ट्रायकरच, खेळलो, मग एका वर्षी दुसऱ्या पेठेच्या टीमकडं गेलो आणि त्या अख्ख्या सीझनमध्ये एक गोल मारला. एक. तोही माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. गल्लीतले लोक हे अजून विसरलेले नाहीत, लग्नाच्या पंगतीत भेटले तरी काढतात.

(बाहेरगावच्यांसाठी सांगतो, तालीम म्हणजे कुस्तीची जागा, पण आमच्याकडं तालमींच्याच फुटबॉल टीम असतात, आणि आपली पेठ सोडून दुसरीकडून खेळणं म्हणजे काय ते समजावून सांगण्यात अर्थ नाही, ते इथं जन्मूनच कळतं.)

तर सगळ्यात आधी, "कॉन्फिडन्स गेला" हे उत्तर मला देऊ नका. टीव्हीवर सूट घालून बसलेले सगळे हेच सांगतात. ताप का आला तर म्हणे अंग गरम झालं म्हणून! गोल होत नाहीत म्हणून कॉन्फिडन्स जातो हो, आधी गोल थांबतात. ते का थांबतात ते सांगा की.

मी भाच्याला नेहमी टोरेसचं उदाहरण देतो कारण त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. फर्नांडो टोरेस 2007 ला अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये 24 गोल. म्हणजे हा माणूस क्लब बदलून, देश बदलून, भाषा बदलून आला होता आणि तरी आल्या आल्या सुटला, तेव्हा नुसतं "नवीन जागा मानवत नाही" असं पण नाही. लिव्हरपूलला एकूण 142 मॅचमध्ये 81 गोल. मग 31 जानेवारी 2011, विंडोचा शेवटचा दिवस, चेल्सीने 5 कोटी पौंड मोजले, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड. पहिली मॅच नेमकी लिव्हरपूलविरुद्धच, चेल्सी 1-0 हरली. मग फेब्रुवारी गेला, मार्च गेला, आणि पहिला गोल आला 23 एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध. त्या सीझनचा चेल्सीकडून तेवढा एकच. (एक! म्हणून मला तो जवळचा वाटतो.) एकूण चेल्सीकडं 172 मॅच आणि 45 गोल.

आता लिव्हरपूलला तो गोल कसे मारायचा ते आठवा. कोच बेनिटेझची टीम, टोरेस पुढं एकटा, मागं पास देणारे, आधी जेरार्ड, त्याच्या मागं झाबी अलोन्सो. बॉल मध्यात हिसकावला की जेरार्ड मान वर करायच्या आत टोरेस पळत सुटलेला असायचा, समोरच्या दोन बॅकच्या, म्हणजे बचाववाल्यांच्या, मधून, त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत. लोक बघतात शेवटचा टच, गोली डावीकडं आणि बॉल उजवीकडं. पण तो गोल दोन सेकंद आधीच ठरलेला असतो. स्ट्रायकर पास बघून पळत नाही, पास येणार या भरवशावर पळतो. पास बघून पळाला तर उशीर, भरवशावर लवकर पळाला आणि पास उशिरा आला तर ऑफसाईड, म्हणजे बॉल सुटायच्या आधीच बॅकच्या पलीकडं गेलेला. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा आहे आणि तो अर्धा सेकंद दोघांच्या मालकीचा असतो, एकट्या स्ट्रायकरच्या नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा चुलतभाऊ आमच्या टीमचा हाफ होता, म्हणजे मधल्या फळीतून पास देणारा. आम्ही दोघं गल्लीत रबरी बॉलवर खेळत मोठे झालो, पुढं गांधी मैदानावर. पास द्यायच्या आधी त्याचा डावा खांदा थोडा खाली जायचा, इतका थोडा की त्यालाही ते माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर त्याने मला शिवी दिली होती. पण खांदा खाली गेला की मी पळायचो, आणि बॉल यायचाच. बघणारे म्हणायचे काय अंदाज आहे पोराचा. कसला अंदाज, चोरी होती ती.

मग मी दुसरीकडं गेलो. किती मिळाले ते सांगत नाही, एवढंच सांगतो की त्यात मोटारसायकल आली नसती, टायर आले असते. तिथला हाफ माझ्या भावापेक्षा चांगला खेळाडू होता, हे मी आज भावासमोर पण म्हणतो. पास एकदम गुळगुळीत, बरोब्बर पायात. पण तो बॉल आला की एक टच घ्यायचा, बघायचा, दुसरा टच घ्यायचा, मग द्यायचा. त्या दुसऱ्या टचला मी गेलेलो असायचो. लाईनमनचं निशाण वर. पहिल्या चार मॅचमध्ये इतक्या वेळा ऑफसाईड झालो की प्रॅक्टिसला पोरं मला "ओ ऑफसाईड, बॉल टाका" अशी हाक मारायला लागली.

आणि पुढं जे होतं ना, ते खरं वाईट. माणूस तीनदा पळतो, तीनदा बॉल येत नाही, चौथ्यांदा पळत नाही. ठरवून नाही, पायच उचलत नाहीत. मग बॉल मिळत नाही म्हणून तो बॉलकडं यायला लागतो, मागं येतो, कडेला जातो, तिथं त्याला बॉल मिळतो, बरं वाटतं, लोक पण म्हणतात कष्ट करतोय गडी. पण गोल तिथून तीस-चाळीस यार्ड लांब आहे! चेल्सीच्या टोरेसची कुठलीही जुनी मॅच काढून बघा, कडेला सरकलेला, पाठ गोलकडं करून बॉल मागत असलेला दिसेल. त्या टीममध्ये आधीच दणकट स्ट्रायकर द्रोग्बा होता आणि सगळ्यांच्या सवयी द्रोग्बाच्या अंगाने घडलेल्या, बॉल त्याच्या छातीवर टाका, तो बॅकला अंगावर घेऊन थांबवेल, मग बाकीचे वर येतील. टोरेस थांबवणारा नव्हताच, तो पळणारा. शिवाय चेल्सीसमोर निम्म्या टीम सगळे खाली बसवून खेळतात, मग पाठीमागं पळायला जागा तरी कुठली? तुम्ही पळणारा घोडा आणलात आणि गोठ्यात बांधलात.

म्हणून मला तो वेस्ट हॅमचा गोल फार आवडतो. मैदानावर पाणी साचलेलं, पास त्या डबक्यात अडकून जागेवर थांबला. सगळे म्हणाले नशीब. मी म्हणतो जो अर्धा सेकंद त्याला तीन महिने टीममधल्या कुणी दिला नाही तो पावसाने दिला.

पाय गेलेले नव्हते याचा पुरावा पण आहे. 24 एप्रिल 2012, कॅम्प नाऊ, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, बार्सिलोना पूर्ण टीम घेऊन वर चढलेली, शेवटची मिनिटं, एक बॉल लांब मारला गेला आणि टोरेससमोर अर्धं मैदान रिकामं. गेला, गोली वाल्डेसला चुकवलं, टाकला आत. 2-2, चेल्सी फायनलला. बघा, पाठीमागं जागा मिळाली आणि लिव्हरपूलचा टोरेस हजर. त्याच वर्षी युरो कपात सर्वात जास्त गोलांचा गोल्डन बूट पण त्यालाच. आता तुम्ही म्हणाल मग ओल्ड ट्रॅफर्डचं काय, सप्टेंबर 2011 ला गोली चुकवून रिकाम्या गोलात बाहेर मारला ते? तो मात्र डोक्याचा भाग, ते मी मान्य करतो, रिकामा गोल समोर आला की मनात विचार येतो आणि विचार आला की संपलं. पण त्या वेळेपर्यंत सात-आठ महिने झाले होते, ताप आधीच आलेला.

अजून एक गोष्ट, जी क्लबवाले कधी बोलत नाहीत. खरेदी होते ती माणूस शिखरावर असताना, आणि शिखराच्या पुढं काय असतं तर उतार. एप्रिल 2010 मध्ये टोरेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वर्ल्ड कपला स्पेन जिंकला पण त्याचा एकही गोल नाही, अलोन्सो 2009 लाच गेलेला, बेनिटेझ पण गेला, आणि विकला गेला त्या सीझनला लिव्हरपूलकडं त्याचे लीगमध्ये 9 गोल होते. म्हणजे उतार लिव्हरपूललाच लागला होता, चेल्सीने पैसे मोजले ते 2008 च्या टोरेसचे. शेवचेन्कोचं 2006 ला तेच, मिलानचा देव, तिशीला टेकलेला, चेल्सीत पहिल्या सीझनला लीगमध्ये 4 गोल, आणि शेजारी द्रोग्बाचे 20.

लुकाकूचं तर बघवत नव्हतं. इटलीच्या इंटरकडं 2020-21 ला लीगमध्ये 24 गोल, कोच कोन्टेची टीम, शेजारी जोडीदार लाउटारो, समोर पळायला रान मोकळं, पेनल्टी पण त्याच्याच. तिथून 9 कोटी 75 लाख पौंडांना चेल्सीत, पुढं एकटा, पेनल्टी टीममधल्या जॉर्जिन्होच्या. फेब्रुवारी 2022 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण 90 मिनिटं खेळला आणि बॉलला शिवला 7 वेळा, त्यातला एक किकऑफचा. माझ्या भाच्याने शाळेच्या टीमला राखीव म्हणून दहा मिनिटं खेळून जास्त केले असते. आणि तरी चूक फक्त लुकाकूची?

आता नशीब. ह्याला लोक हसतात पण मी लुडो काढून दाखवतो. चांगल्या स्ट्रायकरचा साधारण पाच-सहा शॉटमध्ये एक गोल होतो असं धरा. सहात एक, म्हणजे फाशावर सहा पडल्यासारखं. मॅचला दोन शॉट, पाच मॅच, दहा वेळा फासा टाकला. दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडणं हे साधारण सहात एकदा होतंच, करून बघा. जुन्या क्लबला ह्या पाच मॅच कुणाच्या लक्षात पण येत नाहीत. नवीन क्लबला पहिल्याच पाच आल्या की "फ्लॉप"चा शिक्का. 2022 ला सीझनच्या तोंडावरच्या कम्युनिटी शील्ड मॅचला मँचेस्टर सिटीने नवीन आणलेल्या हालांडने तोंडाशी आलेला बॉल क्रॉसबारवर मारला आणि लिव्हरपूलच्या नुन्येझने गोल केला, त्या रात्री भाच्याने मला मेसेज टाकला होता की सिटीचं पैसं पाण्यात. त्या सीझनला लीगमध्ये हालांडचे 36, नुन्येझचे 9. मेसेज मी जपून ठेवलाय.

हालांड का चालला मग? तो पण टोरेससारखा बॉलला फार शिवत नाही, मॅचभर दिसत नाही. पण मागं डी ब्रॉयना होता जो बघायच्या आधी पास द्यायचा. झालं.

बरं, मग ह्यावर भाच्याचा ठरलेला पुढचा प्रश्न, "मग परत जुन्या क्लबला जायाचं की!" लुकाकू गेला ना, 2022 ला लोनवर, म्हणजे उसना, इंटरलाच, लीगमध्ये 24 गोलांचे 10 झाले. टोरेस 2015 ला अ‍ॅटलेटिकोत परतला, लोकांनी डोक्यावर घेतला, प्रेम भरपूर मिळालं, गोलांचा पाऊस काही पडला नाही.

मी पण परत आलो. दुसऱ्याच वर्षी, मान खाली घालून, आमच्या तालमीत. थोरल्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं, मग चहा पाजला. मी नव्हतो त्या वर्षात भावाने माझ्या जागी आलेल्या एका पोराला तयार केलं होतं, डावखुरा, किडकिडीत, भयानक पळायचा, आणि मी उजवीकडच्या बॅकच्या पाठीमागं जायचो तसा तो डावीकडं जायचा. हे मला कुणी सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यांना वाटलंही नसेल. पहिल्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये मला उतरवलं, पोरगा कडेला सरकला. पाच-सात मिनिटं झाली असतील, भावाकडं बॉल आला, त्याचा डावा खांदा खाली गेला, अगदी पहिल्यासारखा, आणि मी सुटलो उजवीकडं, एका वर्षात एवढ्या जोरात पळालो नव्हतो. स्टेडियममध्ये एकदम आवाज झाला म्हणून मागं वळून बघितलं, तर बॉल डावीकडं गेला होता आणि पोराने तो टाकला पण होता जाळीत.