सोडलेल्या घराच्या पत्त्यावर गेलेली नोटीस

मी सेल्फ स्टोरेजच्या, म्हणजे सामान ठेवायला कुलूपबंद खोल्या भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, फ्रंट डेस्कला बसते. युनिट म्हणजे अशी एक खोली, ती दाखवायची, अ‍ॅग्रीमेंटवर सह्या घ्यायच्या, भाडं थकलं की फोन करायचे, हे रोजचं काम. परवा एक काका चावी हातात घेऊन आले, म्हणाले मॅडम माझ्या कुलपावर अजून एक कुलूप लागलंय, चुकून लागलं असेल बघा जरा. मी युनिट नंबर टाकला आणि पोटात गोळाच आला. ते कुलूप आमचंच होतं, तीन महिन्यांचं भाडं थकलेलं आणि पुढच्या आठवड्यात त्या युनिटचा लिलाव लागलेला.

काकांना पटेचना. "भाडं कार्डावरून आपोआप जातं ना?" जात होतं, पण कार्डाची मुदत संपली आणि नवीन कार्ड आमच्याकडे नोंदवलंच गेलं नाही. "मग कळवायचं तरी!" कळवलं होतं, नोटीस गेली होती, फोनही लावलेला पण तो जुना घरचा नंबर, केव्हाच बंद झालेला. मी फाईल काढून पत्ता वाचून दाखवला तर काका एकदम गप्प. जे घर रिकामं करून त्यांनी सगळं सामान आमच्याकडे आणलं होतं, त्याच घराचा तो पत्ता. सही करताना तेच घर होतं ना त्यांचं, दुसरं काय लिहिणार!

मी त्यांना खुर्ची दिली आणि दोघांनी मिळून अ‍ॅग्रीमेंट पहिल्या ओळीपासून वाचलं, जे सहीच्या दिवशी व्हायला हवं होतं. पत्ता बदलला तर लेखी कळवायचा, नाहीतर जुन्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असंच धरलं जाईल, हे त्यात स्पष्ट होतं. काका म्हणाले, "पण सामान तुम्ही सांभाळताय ना?" इथेच बहुतेकांची गल्लत होते. आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, सामान आमच्या ताब्यात आहे असं करारात कुठेच नसतं, म्हणून तर कुलूप तुमचं आणि चावी पण तुमच्याकडेच. ओल लागली, उंदीर लागले, चोरी झाली तर त्यासाठी विमा वेगळा घ्यावा लागतो. भाडं थकलं मात्र की त्याच सामानावर कंपनीचा हक्क लागू होतो, आधी कुलूप, मग नोटीस, मग लिलाव. किती दिवसांनी ते जिथल्या तिथल्या कायद्यावर.

काकांनी निम्मे पैसे काढून टेबलावर ठेवले, बाकीचे महिनाअखेरीस देतो म्हणाले. मला सांगताना फार वाईट वाटलं, पण आमच्या करारात अर्धवट रकमेने लिलाव थांबत नाही, विलंब शुल्कासकट सगळी थकबाकी भरावी लागते. साहेबांना फोन करून मी शुल्क थोडं कमी करून घेतलं, काकांनी मुलीला फोन लावला आणि उरलेले पैसे तिने भरले.

कुलूप काढायला मी स्वतः गेले. शटर वर गेलं तर समोरच चादरीत गुंडाळलेलं काकूंचं शिलाई मशीन. काकू आता नाहीत, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. चादर थोडी बाजूला करून त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

परत येऊन नवीन पत्ता, नवीन कार्ड, मोबाइल आणि दुसरी संपर्क व्यक्ती म्हणून मुलीचा नंबर, सगळं लिहून त्यांची सही घेतली. दुसऱ्या संपर्काचा तो रकाना लोक हमखास कोरा सोडतात आणि खरं सांगते, मीही आजवर कधी आग्रह धरला नव्हता.

त्या संध्याकाळी थांबून मी, "घर बदलतोय" असं सांगून ज्यांनी युनिट घेतलं होतं, त्यांच्या फाईली वेगळ्या काढल्या. सात जणांचे पत्ते जुनेच होते. पाच जणांना त्याच दिवशी फोन लागले, उरलेल्या दोघांचे दुसरे नंबर शोधतेय.