डबा तोच, तंबाखू तोच, मग चव का बदलली?

पाइप ओढणारा कुणीही असो, कधी ना कधी त्याच्या तोंडून हे निघतंच, "अरे हा तो नाहीये!" लेबल तेच, ब्लेंड (म्हणजे पानांचं मिश्रण) तेच आणि चव मात्र भलतीच. मग लगेच कंपनीच्या नावाने खडे फोडायचे, रेसिपी बदलली, पान स्वस्तातलं घातलं वगैरे. कधीकधी ते खरंही असतं, त्याबद्दल खाली लिहितोच. पण माझं आता ठाम मत झालंय की बऱ्याचदा कंपनीने काहीच बदललेलं नसतं, बदललेलं असतं ते पाणी, पाइप नाहीतर वय, आणि या तिन्ही गोष्टी नीट तपासल्याशिवाय कुठल्याही ब्लेंडला नावं ठेवू नयेत.

(आधीच सांगतो, पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक असतो असं अजिबात नाही, तोंडाचा कॅन्सर यानेही होतो. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नका.)

पाणी म्हणजे ओलावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की उघडा राहिलेला तंबाखू आपोआप ओला होतो, आणि ओला तंबाखू नीट पेटत नाही, मग आपण जोरजोरात ओढतो, वाफ होते, जीभ पोळते आणि चव सपाट लागते. तोच तंबाखू एप्रिल-मेमध्ये करकरीत वाळतो, भराभर जळतो आणि कडवट लागतो. म्हणजे एकाच जारमधून दोन ब्लेंड निघाल्यासारखे वाटतात. मी भरायच्या आधी चिमटीत दाबून बघतो, गोळा होऊन तसाच राहिला तर ओला, चुरा झाला तर फार कोरडा, आणि दाबून सोडल्यावर हळूहळू मोकळा झाला की बरोबर. ओला असेल तर कागदावर पसरून ठेवायचा, फॅनखाली नाही, नुसता. व्हर्जिनिया जातीच्या पानाच्या फ्लेकमध्ये (दाबून कापलेल्या चकत्यांमध्ये) तर यानेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण व्हर्जिनियाच्या पानात साखर भरपूर, ती हळू जळली तर गवत, मध, ब्रेड असली चव देते आणि तापली की सगळं संपतं.

एकाच बाउलमध्ये, म्हणजे पाइपच्या एका भरणीत, मधेच चव बदलते त्याचंही कारण असंच साधं आहे. अरोमॅटिक ब्लेंडमध्ये व्हॅनिला, चेरी वगैरे वरून मारलेलं असतं, ते उडून जाणारं, त्यामुळे पहिले काही झुरके छान आणि अर्ध्यानंतर मागे उरतो नुसता बर्ली. बर्लीचं पान हवेवर वाळवलेलं, त्यात साखर जवळपास नसते आणि ते फ्लेवर शोषून घेतं म्हणूनच तिथे वापरतात. शिवाय वरच्या धुरातलं पाणी आणि तेल खालच्या तंबाखूत उतरत जातं, म्हणून शेवटचा भाग नेहमी जड आणि कडक लागतो. तो आवडणारेही आहेत, मी त्यातलाच.

आता पाइप. ब्रायरच्या (पाइप ज्याचे बनवतात त्या) लाकडात आणि आतल्या केकमध्ये, म्हणजे जमलेल्या काजळीच्या थरात, आधीच्या तंबाखूचा वास बसतो, त्याला पाइपवाले घोस्ट म्हणतात, आणि हा प्रकार लोक फार कमी धरतात. इंग्लंडमधल्या केंडल गावचे तंबाखू, ज्यांना सगळे लेकलँड म्हणून ओळखतात, त्यात फुलांचा, टोंका बीनचा (एका सुगंधी बीचा) असा सुगंध असतो, साबणासारखा वाटतो कित्येकांना. मला तो आवडतो. पण एकदा का तो एखाद्या पाइपमध्ये गेला की पुढे तुम्ही त्यात काहीही भरा, मागून गुलाब येणारच. मी लेकलँडसाठी एक पाइप कायमचा वेगळा ठेवलाय आणि लाताकियासाठी, म्हणजे धुरावर धरलेल्या पानासाठी, वेगळा. घोस्ट काढायचाच असेल तर आत कापूस भरून त्यावर स्ट्राँग अल्कोहोलचे थेंब टाकून रात्रभर ठेवतात, सकाळी कापूस तपकिरी झालेला असतो. मीठ घालूनही करतात, पण मिठाने लाकडाला तडे गेल्याचे किस्से आहेत, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

आणि वय. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे. सीलबंद डब्यात तंबाखू मुरतो, अगदी लोणचं मुरतं तसा. व्हर्जिनिया वर्षागणिक काळपट होत जातो, धार कमी होते, गोडवा खोल होतो. पेरिक असेल, म्हणजे लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून आंबवलेलं पान, तर त्याचा मिरीसारखा ठसका कमी होऊन सुक्या अंजिराकडे जातो. पण लाताकियाचं उलटं असतं. ते पान धुरावर धरलेलं, आणि तो धुराचा वास वर्षांबरोबर मावळत जातो, म्हणून जुना इंग्लिश ब्लेंड (लाताकिया घातलेलं मिश्रण) मऊ, गोल लागतो. पानावर कधी चमकणारे बारीक कण दिसतात त्याला घाबरू नका, पण केसाळ पांढरं दिसलं आणि कुबट वास आला तर ती बुरशी आहे, सरळ फेकून द्या.

हे वयाचं प्रकरण लक्षात घेतलं नाही तर डनहिल या जुन्या ब्रँडची चव बिघडली का, हा वाद कधीच सुटत नाही. डनहिलचे ब्लेंड 1981 पासून बेलफास्टच्या मरेज या कारखान्याकडे बनायचे, 2005 च्या सुमारास ते काम डेन्मार्कला ऑर्लिक कंपनीकडे गेलं, मग 2018 मध्ये डनहिल हे नाव पाइप तंबाखूवरून गेलं आणि अर्ली मॉर्निंग पाइप, नाइटकॅप, माय मिक्स्चर 965 हे सगळे पीटरसन या ब्रँडच्या नावाने यायला लागले. प्रत्येक वेळी हाच सूर, की पूर्वीची मजा राहिली नाही. असेलही. कारखाना बदलला की दाबायची, भाजायची पद्धत, पानाचा पुरवठा हे सगळं थोडंफार बदलतंच. पण लोक तुलना कशाची करतात बघा, वीस वर्षं मुरलेला मरेजचा डबा आणि काल आलेला नवा डबा. तिथे कारखाना आणि वय दोन्ही एकदम बदललंय, मग फरक कशाचा ते कसं ठरवणार? नवा डबाही दहा-पंधरा वर्षं ठेवा आणि मग बोला.

खरा बदल, जो कितीही वर्षं डबा ठेवून भरून येत नाही, तो सीरियन लाताकियाचा. ते शेक-अल-बिंत नावाचं पान ओक आणि पाइनच्या धुरावर धरायचे आणि त्याला जुन्या वाइनसारखा आंबूस, कोरडा दरवळ होता. सायप्रसचं लाताकिया वेगळ्या जातीच्या पानाचं, मॅस्टिक आणि मर्टलसारख्या झुडपांच्या धुरावरचं, ते जास्त गोड आणि चामड्याच्या वासाचं. वाईट नाही, मला रोज चालतं. पण ज्या ब्लेंडचा जीवच सीरियन पानात होता तिथे सायप्रसचं घातलं की नाव तेवढं राहतं. सीरियन पान आता बाजारात मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे कुणी लबाडी केलेली नाही, ते पानच गेलं.

म्हणून माझ्या प्रत्येक जारवर मी भरल्याचा महिना-वर्ष आणि डब्यामागचा कोड लिहून चिकटवतो. चव बदललीय असं वाटलं की आधी दुसऱ्या स्वच्छ पाइपमध्ये, तंबाखू थोडा सुकवून, आणि आल्याचा चहा न पिता एकदा ओढून बघतो. तरीही वेगळीच लागली तरच तो ब्लेंड बदलला असं मानतो. तुमच्याकडे मरेजच्या काळातला आणि पीटरसनचा असे दोन्ही डबे असतील आणि दोन्ही मुरलेले असतील तर शेजारी शेजारी ओढून कसे लागले ते मला नक्की लिहा, विशेषतः नाइटकॅपचं.