तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारची सुई

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हातातला केसपेपर खाली ठेवून विचारले होते, लोकलमधल्या रोजच्या मैत्रिणीने विचारले होते आणि मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनीही विचारले: "दर आठवड्याला तू स्वतःच स्वतःला इंजेक्शन देतेस? भीती नाही वाटत?" उभ्या उभ्या मी "सवय होते" एवढेच सांगते. पण विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींच्या हातात त्याच औषधाची, मेथोट्रेक्सेटची, नवी चिठ्ठी असते, आणि त्यांना ते उत्तर पुरत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. नऊ वर्षे झाली. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत आणि लोकलचा दांडा धरणे हेच एक काम होऊन बसते, असे दिवस मी काढले आहेत. त्यासाठी मेथोट्रेक्सेट आधी गोळ्यांच्या रूपात सुरू झाले. मळमळ एवढी व्हायची की दुसऱ्या दिवशी चहाचा वासही नको वाटायचा. शिवाय डोस वाढत गेला की गोळीतले औषध आतड्यातून तेवढ्या प्रमाणात शोषले जात नाही, म्हणून डॉक्टरांनी त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन लिहून दिले: १५ मिलीग्रॅम, आठवड्यातून एकदा. मी शनिवारी रात्री घेते, कारण रविवारी अंग गळून गेले तरी चालते.

आता उत्तर. सुई टोचण्याची भीती मला पहिले तीन शनिवार वाटली, नंतर वाटली नाही. इन्सुलिनच्या सुईसारखीच ती बारीक आणि आखूड असते, पोटाच्या चरबीत ती गेल्याचे कित्येकदा कळतही नाही. आजही मी तीन गोष्टींना घाबरते, आणि तुम्हीही घाबरावे असे मला मनापासून वाटते. त्या म्हणजे वार, माप आणि वापरून झालेली सुई.

वाराबद्दल आधी सांगते, कारण जीव जातो तो इथे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आपल्याकडे बहुतेक औषधे रोज घेण्याची सवय असल्यामुळे मेथोट्रेक्सेटही चुकून रोज घेतले जाते, आणि लागोपाठ काही दिवस तसे झाले की अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला मगज, रक्तपेशी तयार करणे थांबवू लागते, तोंडात फोड येतात, साधा जंतुसंसर्गही आवरत नाही. माणसे यात दगावली आहेत. असे का होते हे समजले की वार विसरला जात नाही, म्हणून थोडे मागे जाते. शरीरातल्या पेशींना वाढण्यासाठी फॉलिक अॅसिड लागते, आणि हे औषध नेमके त्याच्या कामात आडवे येते. फॉलिक अॅसिडला अडवणारी ही संयुगे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली, आणि त्या संशोधनाचे नेतृत्व करणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांपैकी अॅमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर या डॉक्टरांनी बोस्टनमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवून दाखवला, ते १९४८ साल. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आमवातासाठी त्याला मान्यता दिली ती १९८८ मध्ये, कॅन्सरच्या मानाने फार कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदा. म्हणजे मी दर शनिवारी जे घेते त्याचा मूळ स्वभाव पेशींची वाढ रोखण्याचा आहे. आठवड्यातून एकदा घेतले तर ते माझे सांधे वाचवते, रोज घेतले तर ते मलाच संपवील. फॉलिक अॅसिडची गोळी सोबत लिहून दिलेली असते ती याचसाठी. ती मी बुधवारी घेते, इंजेक्शनच्या दिवशी नाही.

माझ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी "शनिवार" हा शब्द पूर्ण आणि मराठीत लिहिलेला आहे. तुमच्या चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल तर तो लिहून मागा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी इंजेक्शन घेतल्यावर शनिवारच्या चौकोनात लाल खूण करते. घेण्याआधी कधीही नाही. आधी खूण केली आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर घेतले की राहिले हे रात्री कुणीही सांगू शकणार नाही.

मापाबद्दल मला माझा स्वतःचा एक शनिवार सांगावा लागेल. प्रीफिल्ड सिरिंज, म्हणजे ठरलेला डोस आधीच भरून आलेली सिरिंज, महाग पडते. म्हणून सुरुवातीला मी कुपीतून औषध इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ओढून घेत असे. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण तसे करतात. माझ्या कुपीत एका मिलीलिटरला २५ मिलीग्रॅम औषध होते, म्हणजे १५ मिलीग्रॅमसाठी ०.६ मिलीलिटर. परिचारिकेने मला नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर शिकवले होते, तिच्यावर एका मिलीलिटरचे १०० भाग असतात, आणि ६० च्या आकड्यापर्यंत ओढायचे हे मी पाठ करून ठेवले होते. एका शनिवारी सिरिंज संपल्या होत्या. स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात मी "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटले आणि त्याने लाल टोपणाची दिली. घरी येऊन ओढू लागले तर आकडे ४० वरच संपत होते. लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलीलिटरचे ४० च भाग असतात, माझा डोस तिच्यावर २४ च्या रेषेवर येतो, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. त्या रात्री मी फक्त एवढेच केले की ६० सापडत नाही म्हणून थांबले, सिरिंज बाजूला ठेवली आणि इंजेक्शन घेतले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले की माझा डोस १० मिलीग्रॅमचा असता तर? नारिंगी सिरिंजवर तो ४० वर येतो. लाल सिरिंजवरही ४० चा आकडा आहेच. मी निःशंकपणे तिथपर्यंत ओढले असते आणि १० ऐवजी २५ मिलीग्रॅम घेतले असते, आणि मला काही चुकले आहे हे कळलेही नसते. म्हणून सांगते, सिरिंजवरच्या रेषेचा आकडा पाठ करू नका. मिलीग्रॅम किती आणि मिलीलिटर किती हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि ज्या प्रकारच्या सिरिंजवर शिकलात ती घेऊनच दुकानात जा. कुपी बदलली, कंपनी बदलली, तर एका मिलीलिटरमध्ये किती औषध आहे हे पुन्हा वाचा, कारण ते प्रत्येक कुपीत सारखे नसते. माझे आकडे माझ्या कुपीचे आहेत, तुमच्यासाठी वापरू नका. त्या घटनेनंतर मी दुसरा खर्च कमी करून प्रीफिल्ड सिरिंजवर आले, आणि ज्यांना परवडते त्यांना मी तेच सुचवते.

प्रत्यक्ष टोचणे हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पण पहिल्या वेळी परिचारिकेच्या समोरच करा. मी जेवण झाल्यावर टेबल पुसून घेते, साबणाने हात धुते, चष्मा लावते. पाकिटावरचे नाव, मिलीग्रॅम आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचते, माझा मुलगा समोर बसून ऐकतो. हे औषध हळदीच्या पाण्यासारखे पिवळे असते, पण स्वच्छ पारदर्शक. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर ती सिरिंज वापरायची नाही. जागा म्हणजे पोट, बेंबीपासून चार बोटे लांब, नाहीतर मांडीचा पुढचा भाग. या शनिवारी उजवी बाजू तर पुढच्या शनिवारी डावी. व्रण, तीळ, लाली असलेली जागा टाळायची. स्पिरिटच्या कापसाने पुसल्यावर जागा सुकू द्यावी, ओल्या कातडीवर टोचले की आग होते आणि मग दोष सुईला दिला जातो. कातडीची चिमूट धरायची, सुई एका दमात आत घालायची, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबायचा, क्षणभर थांबून बाहेर काढायची आणि त्या जागी कोरडा कापूस टेकवायचा. चोळायचे नाही.

सांधे सुजलेल्या हातांना यातली एक गोष्ट खरोखर जड जाते, ती म्हणजे टोपण काढणे. माझा अंगठा फार दुखत असेल तेव्हा मी अर्धा तास आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवते. मुलाने मदत केलीच तर तो हातमोजे घालतो. थेंब अंगावर पडला तर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या औषधाला हातही लावू नये, कारण ते गर्भाला घातक आहे. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी तर डॉक्टरांशी हे आधीच बोलले पाहिजे.

आणि आता सुई. पहिल्या दोन महिन्यांत मी वापरलेली सिरिंज टोपण लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या रिकाम्या पिशवीतून कचऱ्यात टाकत होते. मला ते व्यवस्थित वाटत होते. एका सोमवारी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई पुन्हा वर आल्या, उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताने घट्ट धरून. "वहिनी, काहीतरी टोचलं," एवढेच म्हणाल्या. त्यांच्या बोटावर रक्ताचा एक थेंब होता. मी त्यांचा हात नळाखाली धरून साबणाने धुतला आणि त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी माझ्याही रक्ताची तपासणी करायला सांगितली, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. सगळे अहवाल निर्दोष आले, त्यांना काही झाले नाही. पण पाच घरांचे काम सोडून त्या ज्या बाकावर बसून राहिल्या, त्या बाकावर त्यांना मी बसवले होते, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून सुईला मी पुन्हा टोपण लावत नाही, कारण परत लावतानाच बोटाला टोचते. टोचून झाल्याबरोबर सिरिंज तशीच जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात जाते. फरशी पुसण्याच्या औषधाचा रिकामा कॅन मी वापरते, त्यावर "सुया, उघडू नका" असे मराठीत आणि हिंदीत लिहिले आहे. तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून मी तो माझ्या रुग्णालयात नेऊन देते, तिथे विचारल्यावर त्यांनी घ्यायचे कबूल केले होते. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि मुंबई महानगरपालिकेने मे २०२५ पासून अशा कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवा सुरू केली आहे. त्यासाठी नोंदणी लागते. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला तेव्हा समजले की इमारतीत इन्सुलिन घेणारी आणखी चार घरे आहेत, आणि चारही घरांच्या सुया रोजच्या कचऱ्यातच जात होत्या.

कधी घ्यायचे नाही, हेही काकूंनी विचारले होते. ताप असेल, घसा दुखत असेल, तोंडात फोड आले असतील, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग दिसत असतील, कोरडा खोकला आणि धाप लागत असेल, तर मी त्या शनिवारी इंजेक्शन घेत नाही आणि आधी डॉक्टरांना फोन करते. पावसाळ्यात मुंबईत तापाचे निमित्त सदाच असते, आणि डेंग्यू की मलेरिया की लेप्टो हे ठरेपर्यंत हे औषध थांबवणेच बरे, असे मला सांगितलेले आहे. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेले तरी पहिले वाक्य "मी मेथोट्रेक्सेट घेते" हेच असते, कारण लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिले जाणारे कोट्रायमॉक्सॅझोल यासोबत घेतले तर रक्तपेशी धोकादायक रीतीने खाली येऊ शकतात. शनिवार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेते, त्यापेक्षा उशीर झाला तर तो आठवडा सोडून देते, आणि पुढच्या शनिवारी दुप्पट कधीही घेत नाही. दर तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करते. सुरुवातीला त्या याहून लवकर लवकर कराव्या लागतात. बरे वाटू लागले की नेमक्या याच तपासण्या टाळाव्याशा वाटतात.

काकूंची पहिली सुई परवा, शनिवारीच आहे. परिचारिकेने त्यांना दवाखान्यात एकदा करून दाखवले आहे. रात्री नऊ वाजता त्या पाकीट घेऊन आमच्याकडे येणार आहेत. टोचायचे त्यांनीच आहे, मी फक्त समोर बसून त्या मोठ्याने वाचतील ते नाव आणि मिलीग्रॅम ऐकणार आहे. त्यांच्यासाठी एक रिकामा कॅन धुऊन, नाव लिहून दाराशी ठेवला आहे.