चुंबक चिकटलं नाही

त्या मंगळवारी ट्रेलरवरून कार्मान गिया नावाची जुनी गाडी उतरली, तशी गॅरेजातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. मी जर्मनीतल्या ओस्नाब्रुकमध्ये जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करते आणि ही गाडी याच शहरातल्या कार्मानच्या कारखान्यात बांधलेली. म्हणजे माहेरी आलेली लेकच.

सोबत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली बचत घालून १९६६ साली त्यांनी ही कूपे, म्हणजे बंद टपाची दोन दारांची गाडी, नवी घेतली होती. आता दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना सांगितलं होतं, "नाकात नुसतं पुटीन आहे, भंगारात द्या." चुंबक लावून दाखवलंही होतं. पुटीन म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा; चुंबक लोखंडी पत्र्याला चिकटतं, पुटीनला नाही. मीही लावलं. नाकावर, हेडलाइटच्या कडेला, छताच्या खांबांच्या मुळाशी, जिथे लावावं तिथून ते घसरून खाली पडत होतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला काही बोलवेना.

इंजिनाची काळजी नव्हती. या गाडीचं रूप इटलीचं असलं तरी पोटात फोक्सवॅगनची साधी बीटल आहे. १९५३ साली ट्युरिनच्या गिया कंपनीचे लुईजी सेग्रे यांनी एक बीटल मिळवली आणि गाजावाजा न करता तिच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ही कूपे उभी केली. ती पॅरिसमध्ये विल्हेल्म कार्मान यांना दाखवली. कार्मानच्या कारखान्यात तेव्हा उघड्या टपाच्या बीटल बनत होत्या आणि त्यांना स्वतःची एक देखणी गाडी हवीच होती. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांचा होकार मिळाला आणि १४ जुलै १९५५ ला गाडी लोकांपुढे आली. चासी थोडी रुंद केलेली, इंजिन मात्र बीटलचंच: ११९२ सीसी, हवेने थंड होणारं, ३० अश्वशक्तीचं. बाईंच्या गाडीत १३०० सीसीचं, ४० अश्वशक्तीचं. चार बोल्ट सोडले की इंजिन खाली येतं. घेताना बीटलपेक्षा बरीच महाग, पण चालवायला बीटलइतकीच सोपी. म्हणून तर एकटीच्या पगारावर एक शिक्षिका ती इतकी वर्षं सांभाळू शकली. इथे काही लोक या गाडीला 'गृहिणींची पोर्शे' म्हणायचे. मला तो शब्द कधीच आवडला नाही.

खरा खर्च तिच्या अंगावरच्या पत्र्याचा. बीटलचं मडगार्ड चेपलं तर बोल्ट काढा, नवीन बसवा. कार्मान गियाला तशी सोय नाही. तिचं नाक अनेक तुकड्यांचं. ते वेल्ड करून जोडायचे, सांध्यांवर कथील-शिशाचा थर द्यायचा आणि तो कानशीने घासून असा मिळवायचा की सांधा कुठे होता ते बोटालाही कळू नये. दर गाडीला हे हातानेच करायचं. १९७४ पर्यंत कूपे आणि उघड्या टपाच्या कॅब्रियोले मिळून ४ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या बनल्या. प्रत्येकीचं नाक कुणीतरी असं हाताने घासलेलं, हे मनात आलं की मला अजूनही भरून येतं.

एवढं सगळं माहीत असूनही त्या सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आमचे माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, आले, चुंबक माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "आधी खरवडून बघ."

डाव्या हेडलाइटच्या वरचा बोटभर रंग खरवडला. पुटीनची भुकटी पडायला हवी होती, पण खालून चंदेरी चकाकी वर आली. बर्नरची ज्योत लांबून फिरवली तर ना धूर, ना जळका वास. थर नुसता लोण्यासारखा मऊ झाला. कथील! कथील काय, शिसं काय, चुंबक दोन्हींना चिकटत नाही. त्यावर कानशीचे तिरपे ओरखडे होते, कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातचे, १९६६ चे. डावी बाजू जन्मापासून तशीच होती.

उजवी बाजू मात्र वाईट निघाली. बाईंना आठवलं, फार वर्षांपूर्वी ती खांबाला घासली होती. तिथे पुटीनचा अंगठ्याएवढा थर, खाली रिव्हेट मारलेला पत्र्याचा तुकडा आणि त्याच्याखाली गंज. म्हणजे पुटीन एका बाजूला होतं आणि भंगाराचा निकाल अख्ख्या गाडीचा लावला होता.

उजव्या बाजूचा पत्रा नव्याने घडवून वेल्ड करायला तीन आठवडे गेले. मग कथिलाची वेळ आली तेव्हा माइस्टर म्हणाले, "हे तू कर." लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. इथेही पहिला पातळ हात तसाच, कापडाने पुसत पुसत. त्यावर जाड थर लाकडी पट्टीने चोपायचा. उष्णता कमी पडली तर धरत नाही, जास्त झाली तर सगळं ओघळून जमिनीवर. माझं दोनदा ओघळलं. तिसऱ्यांदा बसलं. मग कानस. शिशाची धूळ उडू नये म्हणून तिथे सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, चालवत नाहीत.

रंगाच्या आदल्या दिवशी बाईंना बोलावलं आणि डाव्या बाजूचे ते जुने ओरखडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "यावर रंग लावलाच पाहिजे का?"

"हो," मी म्हटलं, "नाहीतर आजूबाजूचा पत्रा आठवड्यात गंजेल."

त्यांनी आणखी एकदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रायमर मारला.